नवरात्रातला नमुना

क्रेगीबर्नमधलं आमचं चार बेडरूमचं घर लघवीवर उभं आहे. हे वाक्य मी वास्तुशांतीच्या दिवशी जमलेल्या मंडळींसमोर मोठ्याने म्हणालो, तेव्हा गुरुजींच्या हातातली पळी तीर्थाच्या भांड्यावर तशीच थांबली आणि आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभाने, माझ्याकडे असं बघितलं की अंगावरचं ओलं उपरणं जागच्या जागी वाळलं. पण खोटं काय आहे त्यात? मेलबर्नच्या उत्तरेकडची गोदामं, बांधकामं, ट्रकचे डेपो यांतून मी आयुष्यभर पांढरी व्हॅन घेऊन फिरलो आणि भल्याभल्यांना प्लॅस्टिकच्या कपात लघवी करायला लावली. ती सगळी एका जागी ओतली असती तर यान यीनचा तलाव ओसंडून वाहिला असता.

आमच्या हुद्द्याला इथे कलेक्टर म्हणतात. पुण्यातली पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडून इथे आलो, हे काम मिळालं आणि मी सांगलीला आईला फोन केला की मी कलेक्टर झालो. तिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. खुलासा करायचा राहून गेला तो राहूनच गेला. अजूनही सांगलीत गेलो की एखादा वयस्कर माणूस सात-बाराचं गाऱ्हाणं घेऊन येतो आणि मीही गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो.

तर काम असं. कंपनी कामगारांना न सांगता आम्हाला बोलावते. कामगारांपैकी कोणाची तपासणी करायची ती नावं कॉम्प्युटर काढतो. दारूसाठी नळीत फुंकायचं. गांजा, अफू वगैरेंसाठी काही कंपन्या जिभेवरची लाळ घेतात, काही लघवी. टॉयलेटच्या पाण्यात आम्ही निळा रंग टाकतो, नळ बंद करतो, म्हणजे कोणी पाणी मिसळायला नको. कपाच्या अंगावर तापमानाची पट्टी असते. माणसाच्या अंगातून आलेली वस्तू माणसाइतकी ऊब दाखवते, हे साधं शास्त्र. ते साधं शास्त्र किती जणांना ठाऊक नसतं, यावर माझी करमणूक चालत आली.

एका गोदामात एक धिप्पाड गडी विकतची खोटी लघवी घेऊन आला होता. ती बाजारात मिळते. पठ्ठ्याने ती कँटीनच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, आणि आत आधीपासून कोणाचा तरी मीट पाय, म्हणजे खिम्याची जाडजूड कचोरी, फिरत होता म्हणून पायची वेळ तशीच ठेवली. कप माझ्याकडे आणला तो टी-टॉवेलमध्ये धरून. कपातून वाफ येत होती. मी म्हटलं, "मेट, हे जर तुझ्या अंगातून आलं असेल तर तुला लॅबची नाही, फायर ब्रिगेडची गरज आहे."

दुसरा एक क्रेनवाला. माझी व्हॅन फाटकातून आत येताना त्याला वरून दिसली आणि तो खाली उतरेना. फोरमन खालून ओरडतोय, हा वरून हात हलवतोय. शेवटी त्याचं जेवण बादलीतून वर पाठवलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हा किस्सा सांगतो तेव्हा तो क्रेनवाला तीन दिवस वर राहतो आणि मॅगपाय पक्षी त्याच्या हेल्मेटमध्ये घरटं बांधतात. ऐकणाऱ्यांनी त्यातलं घरटं तेवढं काढून टाकावं.

आमच्या धंद्यात 'पॉझिटिव्ह' हा शब्द उच्चारायचा नसतो. तपासणीच्या पट्टीवर ज्या नशेची रेघ उमटली नाही ती अंगात आहे असा संशय, आणि त्याला म्हणायचं 'नॉन-निगेटिव्ह'. नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून ते लॅबला पाठवायचे आणि खरं-खोटं लॅबने ठरवायचं. समोरच्या माणसाचा चेहरा मात्र लॅबची वाट बघत नाही. तो तिथेच पडतो.

आता जी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दारू शरीरातून तासांच्या हिशेबाने निघून जाते. लाळेतला गांजाही फार तर दिवसभराचा पाहुणा. पण लघवीत तो राहतो. रोज घेणारा असेल तर आठवडेच्या आठवडे राहतो. गांज्यातलं जे रसायन आहे ते चरबीत मुरतं, आईच्या लोणच्यातल्या हिंगासारखं, आणि सावकाश बाहेर येत राहतं. म्हणजे लघवीची तपासणी 'हा माणूस आत्ता नशेत आहे का' हे सांगतच नाही. 'याने कधीतरी घेतला होता' एवढंच सांगते. युनियनवाले म्हणून लाळ मागतात, बऱ्याच कंपन्या म्हणून लघवीच धरून बसतात. कॅलिफोर्नियातला माझा भाचा सांगतो, तिकडे आता कामाबाहेर, आपल्या घरी घेतलेल्या गांज्यावरून नोकरी घ्यायला कायद्याची आडकाठी आहे, काही कामं सोडून. आमच्याकडे तसलं काही नाही. कॅनबेरात लोक परसात रोपं लावतात, इथे डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर गांज्याचं तेल देतात, केमिस्ट ते पिशवीत घालून 'हॅव अ गुड डे' म्हणतो, आणि कामाच्या फाटकातून आत शिरलं की कंपनीची पॉलिसी सुरू.

या पॉलिसीत दीपाली सापडली.

दीपाली हे तिचं खरं नाव नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला होता. तिने एकच दुरुस्ती केली. मी तिच्या यंत्राला फोर्कलिफ्ट म्हटलं होतं. "काका, फोर्कलिफ्ट नाही, रीच ट्रक. तुम्ही सर्जनला कंपाउंडर म्हणताय." तर रीच ट्रक. उभट, अरुंद, दोन रॅकमधल्या बोळातून जाणारं आणि तीन मजले उंचावर मालाचं लाकडी पॅलेट नेऊन ठेवणारं यंत्र. दीपाली कराडहून इथे अकाउंटिंग शिकायला आली, शिकली, पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी झाली, आणि अकाउंटिंगची नोकरी मिळेपर्यंत म्हणून गोदामात गेली ती या यंत्राच्या प्रेमातच पडली. मंडळाच्या पथकात ताशा वाजवायची. वरच्या रॅकवर ती पॅलेट ठेवायची ते असं की खालच्या माणसाला आवाज येऊ नये. तिच्या गोदामातला शेन नावाचा फोर्कलिफ्टवाला म्हणायचा, "शी पार्क्स अ पॅलेट लाइक अ स्लीपिंग बेबी."

हा शेन मनाने सोन्याचा माणूस. पण शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये शिरायचा तो रविवारी रात्री बाहेर पडायचा. सोमवारी सकाळी माझ्या नळीत फुंकायचा तेव्हा हात असा थरथरायचा की नळी त्याच्या तोंडाशी मला धरावी लागायची. आकडा शून्य. दर वेळी शून्य. "ऑल गुड?" तो विचारायचा. "ऑल गुड, मेट," मी म्हणायचो, आणि तो डोळे चोळत फोर्कलिफ्टवर चढायचा.

मागच्या नवरात्रातली गोष्ट. त्या दिवशी खंडेनवमी होती. मी व्हॅन घेऊन दीपालीच्या गोदामात गेलो. शेनचं नाव निघालं होतं, तो फुंकून, कप भरून, शिट्टी वाजवत गेला. मग दीपाली आली. कपाळाला हळदकुंकू, कामाच्या पिवळ्या जाकिटाच्या खिशात झेंडूचं फूल.

"हे काय गं?"

"रीच ट्रकची पूजा केली, काका. फूल स्टिअरिंगला लावलं होतं, डॅरेनने काढायला लावलं. म्हणतो, लूज आयटम. म्हटलं बरोबर आहे बाबा, झेंडू डोक्यात पडून माणूस मरायचा."

डॅरेन म्हणजे तिचा शिफ्ट मॅनेजर.

"आणि चेहरा का असा उतरलाय?"

"उपास आहेत ना नऊ दिवसांचे. सासूबाई आल्यात कराडहून, घट बसवलेत. फळं आणि दूध."

मग मी नियमाप्रमाणे विचारलं, सध्या काही औषधं चालू आहेत का. ती म्हणाली, नाही. मी तसं लिहिलं. ती कप घेऊन गेली, आली, कपाची ऊब बरोबर होती. आम्ही दोघं पट्टीकडे बघत उभे राहिलो. ती मला विचारत होती की यंदा कोजागरीला मंडळाचं दूध कोण आटवणार. सगळ्या रेघा आल्या. गांज्याची आली नाही.

मी आयुष्यात हजारो पट्ट्या बघितल्या. ती मी उजेडात धरली, तिरकी धरली, चष्मा काढून बघितली.

"काका, काय झालं?"

"दीपाली, तू काही घेतेस का?"

ती अगदी सरळ म्हणाली, "तेल घेते. डॉक्टरांनी दिलेलं. पण नवरात्र सुरू झाल्यापासून एक थेंब घेतला नाही. घरात देव बसलेत आणि मी गांज्याचं तेल जिभेखाली ठेवू? तुम्ही विचारलंत, सध्या काही चालू आहे का. सध्या काही नाही."

तिला एंडोमेट्रिओसिस होतं, गर्भाशयाच्या अस्तराचं दुखणं. महिन्यातले कित्येक दिवस पोटात कोणीतरी कपडे पिळावेत तसं दुखायचं. गोळ्यांनी पोट बिघडलं, ऑपरेशन झालं, तरी दुखणं होतंच. शेवटी एका डॉक्टरने रात्री झोपताना घ्यायचं हे तेल लिहून दिलं आणि ती झोपायला लागली. कामाच्या आधी तिने ते कधीही घेतलं नव्हतं. घरी सासूबाईंना सांगितलं होतं, आयुर्वेदिक आहे. त्याही खूष होत्या.

"मग हे थांबवल्यावर नऊ दिवस दुखलं नाही?"

"दुखलं ना. देवीचं आहे म्हटलं की सहन होतं." मग पट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण नऊ दिवस, काका. आणि त्यात उपास. अंग तर धुऊन निघालं असणार."

तिथेच सगळं अडलं होतं. आपल्या घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे पक्कं असतं की उपासाने शरीर शुद्ध होतं. माझी आई एकादशीला म्हणायची, पोटाला सुट्टी आणि रक्ताला आंघोळ. मीही ते मानत आलो. पण हे रसायन असतं चरबीत, आणि उपासात शरीर जाळतं ती चरबीच. आमच्या लॅबमधला एक केमिस्ट म्हणतो की उपाशी माणसात ते उलट जास्त बाहेर येऊ शकतं. डॉक्टरांमध्ये यावर दुमत आहे. ते सोडलं तरी रोज रात्री घेणाऱ्याला नऊ दिवस पुरतच नाहीत. तिने देवीसाठी नऊ दिवस कळा सोसल्या आणि नवव्या दिवशी कपात जे उतरलं ते नवरात्राआधीच्या रात्रींचं होतं.

मी सील लावण्याआधी तिच्या औषधाची नोंद केली. फोनवरचं प्रिस्क्रिप्शन बघितलं, तेही लिहिलं. नियमात जेवढं बसतं तेवढं केलं. मग डॅरेनला सांगितलं, नॉन-निगेटिव्ह. त्याने तिला घरी पाठवलं. जाताना तिने खिशातलं झेंडूचं फूल काढून माझ्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्याही यंत्राची पूजा व्हायला हवी ना आज."

मला वाटलं होतं, लॅबचा निकाल आला की सुटेल. निकाल आला. त्यात स्पष्ट होतं की सापडलेलं प्रमाण तिने सांगितलेल्या औषधाशी जुळतं. म्हणजे बाई खरं बोलली. मी नाचायचाच बाकी होतो. डॅरेनला भेटलो तेव्हा तो कॉफी ढवळत होता.

"मेट, प्रश्न गांज्याचा नाहीच," तो म्हणाला. "पॉलिसी म्हणते, असं औषध सुरू झालं की आम्हाला आधी सांगायचं. तिने सांगितलं नाही. ट्रस्टचा प्रश्न आहे. आम्हाला ती परत नको."

दीपालीला मी फोनवर हेच विचारलं, आधी का सांगितलं नाहीस. ती हसली. तिच्याआधी तिथे एका बाईने सांगितलं होतं. डॅरेनने तिचे आभार मानले, तिला यंत्रावरून उतरवून लेबलं चिकटवायला बसवलं, आणि मग तिच्या शिफ्ट हळूहळू आटल्या. "सांगितलं तर नोकरी अशी जाते, काका, नाही सांगितलं तर तशी जाते. मला वाटलं, न सांगता निदान काही वर्षं तरी चालवेन."

शेनने स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर डॅरेनला सुनावलं की ती आमच्यातली सगळ्यात चांगली ऑपरेटर आहे आणि मी सोमवारी कसा येतो ते तुला माहीत आहे. डॅरेन म्हणाला, "यू ब्लो झीरो, मेट." ते शून्य मीच तर दर वेळी लिहीत होतो.

मंडळात एक वकील आहे, सिडनीतल्या गिरावीनहून इकडे आलेला. पोरगा हुशार, पण वाईट बातमी देताना बिस्किट खातो. त्याला घरी बोलावलं. सुलभाने चहा ठेवला. दीपाली समोर बसली होती.

"तुला काढलं असं लेखी दिलंय का?" त्याने विचारलं.

"नाही. मी एजन्सीतर्फे कॅज्युअल होते, काम असेल तेव्हा बोलावणार. गोदामवाले म्हणतात, आम्ही एजन्सीला फक्त कळवलं. एजन्सी म्हणते, तुला काढलेलं नाही, तू आमच्याकडे आहेसच. फोनवरच्या ॲपमध्ये शिफ्ट यायच्या, त्या येत नाहीत."

"म्हणजे बडतर्फी झालेलीच नाही असं ते म्हणणार. आधी झाली हे सिद्ध करायचं, मग ती अन्यायाची होती हे सिद्ध करायचं." त्याने दुसरं बिस्किट उचललं. "आजारावरून भेदभाव केला म्हणून जाता येईल. त्यावर ते म्हणणार, आजारावरून नाही, सांगितलं नाही म्हणून. आणि अवजड यंत्र म्हटलं की सगळे सेफ्टीच्या बाजूने उभे राहतात. लढू शकतेस. पण पुढच्या एजन्सीला तुझं नाव कळणार."

"म्हणजे मी काय चुकीचं केलं?" दीपालीने विचारलं.

"कायद्याने?" त्याने बिस्किट बशीत ठेवलं. "औषध घेणं कायदेशीर. घरी घेणं कायदेशीर. कामावर नशेत नव्हतीस. कायद्याने काहीच नाही."

हे तो ज्या सहजपणे म्हणाला ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी वर्षानुवर्षं गणपतीत लोकांना हसवलं, पण त्या चहाच्या टेबलावर मला एकही किस्सा आठवला नाही. सुलभा आत जाऊन दाराआड उभी राहिली होती. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळे गेल्यावर म्हणाली, "मग तुम्ही बघता तरी काय त्या कपात?"

दीपाली लढली नाही. सासूबाई कराडला परतल्या, जाताना तिला म्हणाल्या की ते आयुर्वेदिक सोडलंस म्हणून पुन्हा दुखायला लागलं, ते चालू कर. तिने हो म्हटलं.

आता शेवटचं. यंदा मी अर्धनिवृत्त आहे, अधूनमधून बोलावतात तेव्हा जातो. घट बसायच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्याच एका कंपनीच्या गोदामात गेलो. सकाळची शिफ्ट, बाहेर मॅगपाय व्हॅनच्या आरशावर चोची मारत होते. पहिलंच नाव निघालं ते तिचं. दुसरी एजन्सी, दुसरं जाकीट, यंत्र तेच. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा कोणीतरी वाळत घातल्यासारखा.

मी विचारलं, "सध्या काही औषधं?"

"नाही काका. आणि मागच्या वेळीही मी खरंच सांगितलं होतं."

"माहीत आहे मला."

तिने कप आणून दिला. मग फुंकायला नळी घेतली. तिचा हात थरथरत होता. मी नळी तिच्या तोंडाशी धरली, तिने फुंकलं. आकडा शून्य.

"झोप होते का?" मी विचारलं.

"तेल बंद आहे. मग रात्री वाइन घेते, दोन-तीन ग्लास. त्याने तास-दोन तास डोळा लागतो. शेन म्हणाला होता, सकाळपर्यंत सगळं साफ होतं. बरोबर म्हणाला तो." ती पट्टीकडे बघत होती. एकेक करून सगळ्या रेघा उमटल्या. "घट बसले की तीही बंद करीन. देवाच्या घरात दारू कशी घ्यायची?"

मी पट्टी तिला दाखवली, सही केली. ती यंत्राकडे गेली. चढताना तिने एक हात पोटावर दाबून धरला, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पॅलेट वर जायला लागलं, पहिला मजला, दुसरा, तिसरा. खालून माणसं जा-ये करत होती. अगदी वरच्या फळीवर ते टेकलं तेव्हा लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज गोदामभर घुमला.

तिथला मॅनेजर माझ्याजवळ आला. तरुण होता, हसरा. त्याने विचारलं, "ऑल गुड?"

मी वर बघत म्हटलं, "ऑल गुड, मेट."